ग्रिमकोगेलच्या माथ्यावरचं माझं भाषण

१२ एप्रिल

ग्रिमकोगेलच्या पहिल्या चढाईला या ऑगस्टात दीडशे वर्षं होतात. आज गावच्या खानावळीत समारंभ समितीची बैठक झाली. वरच्या हटवर, म्हणजे डोंगरातल्या विश्रामगृहावर, बँड, फादरची प्रार्थना आणि सूप. त्यानंतर निवडक मंडळींनी थेट माथ्यावर, क्रॉसपाशी जायचं आणि तिथे इतिहासावर एक भाषण. भाषण कोण करणार यावर चर्चाच झाली नाही, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिक आहे. हिंटरग्रिम गावाचा इतिहास मी लिहिलाय. शाळेत आयुष्यभर भूगोल-इतिहास मी शिकवला. आणि पहिल्या चढाईतले वाटाडे रोमेडियस प्रांटल हे माझे पणजोबा.

फक्त फिगील म्हणाला, "मास्तर, भाषण होईल झकास. पण ते वर न्यायचं कसं?" फिगील म्हणजे बायकोचा भाऊ, रिटायर्ड बस ड्रायव्हर. जिभेला हाड नाही. लोक का हसले कळलं नाही. भाषण कागदावर असतं. खिशात मावतं.

माथ्यावर मी अजून प्रत्यक्ष गेलेलो नाही, हे खरं. पण त्या डोंगराचा दगडन् दगड मला पाठ आहे. प्रत्यक्ष जाणं ही आता फॉर्मॅलिटी.

घरी आल्यावर नोटबुर्गाला सांगितलं. ती भांडी विसळत होती. मोरीवरच्या खिडकीतून ग्रिमकोगेल समोरच दिसतो. म्हणाली, "मीपण येणार." मी तिला घसारा, दोर, पातळ हवा, वय वगैरे समजावलं. म्हणाली, "वयाने मी तुझ्याहून लहान आहे, कासियान." मी म्हटलं, बघू.

उद्यापासून ट्रेनिंग.

१४ एप्रिल

काल पाऊस. आज पाऊस आणि बर्फ एकत्र. तयारीचा पाया नेहमी विचारांनी घालावा. दिवसभर नकाशा पाहिला.

२० एप्रिल

सामान आणलं. बूट, रुकसॅक, दोन काठ्या, गुडघ्याचे पट्टे. दुकानातली मुलगी म्हणाली, बूट आधी महिनाभर घालून फिरा, नाहीतर चावतात. मला शिकवते. आमच्या लग्नाच्या वर्षी मी आणि नोटबुर्गा ग्रिमकोगेलला निघालो होतो, तेव्हा हटपर्यंत पोचेतो माझ्या टाचेला केवढा मोठा फोड आला होता. परत यावं लागलं. दोष सर्वस्वी बुटांचा. त्यानंतर माझ्या परीक्षा, मग मुलं, मग माझा गुडघा, मग पुस्तक. नोटबुर्गा दरवर्षी विचारायची. मी दरवर्षी सांगायचो, पुढच्या उन्हाळ्यात नक्की. एकटी जाऊ नकोस, आपण बरोबर जाऊ. या बाबतीत मी नेहमीच उदार राहिलो आहे.

३ मे

सकाळी सहाला उठून चालायला जायचा निश्चय. सव्वाआठला जाग आली. तोवर ऊन वर आलेलं. उन्हात चालून शरीरातलं पाणी कमी होतं. भाषणाचा पहिला परिच्छेद लिहिला.

नोटबुर्गा हल्ली सकाळी वरच्या कुरणात बहिणीच्या शेळ्या बघायला जाते. जाते पहाटे आणि येते जेवणाच्या वेळेला. एवढा वेळ लागतो म्हणजे बायका तिथे नुसत्या गप्पा मारत बसत असणार. माझ्या नव्या काठ्या घेऊन जाते. म्हणाली, "पडून पडून गंजतील." जाऊ दे, काठ्याही रुळायला हव्यात.

१९ मे

डॉक्टर चुर्चनथालरना गुडघा दाखवला. म्हणाले, गुडघ्याला काही झालेलं नाही, त्याच्यावर जे बसलंय ते जास्त आहे. म्हणजे गुडघा उत्तम आहे. घरी येऊन नोटबुर्गाला हीच बातमी दिली. ती म्हणाली, "मग रात्रीचा स्पेक बंद." मी तिला सांगितलं की दीडशे वर्षांपूर्वी वाटाडे स्पेक, म्हणजे डुकराचं धुरावलेलं मांस, खाऊनच हे डोंगर चढले. ती म्हणाली, "ते डोंगर चढायचे. तू नुसता स्पेक चढवतोस."

हे फिगीलकडून शिकली आहे.

६ जून

भाषण रंगत चाललंय. मुद्दा असा. चर्चच्या भिंतीवर जी पाटी आहे तिच्यात व्हिएन्नाचे वकील लेडरर आणि वाटाड्या ग्राटल ही दोन नावं ठळक आहेत. पणजोबा खालच्या ओळीत, "आणि सोबत रो. प्रांटल" असे. गावात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगतात की, माथ्याच्या खाली डोंगराचा जो सपाट खांदा आहे तिथे पणजोबा बसून राहिले आणि त्या दोघांचं सामान राखलं, म्हणजे पाव, चीज आणि वाइनचा बुधला. दोघं परत आले तेव्हा बुधला रिकामा होता म्हणे. ही ग्राटलच्या घराण्याने उठवलेली वावडी आहे. माझं मत असं की पणजोबा आदल्याच दिवशी एकटे माथ्यावर जाऊन वाट हेरून आले होते, आणि म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या मनाने पाहुण्याला पुढे जाऊ दिलं. पुरावा: प्रांटलांचा स्वभाव.

हे मी माथ्यावरच जाहीर करणार. क्रॉसला हात ठेवून.

२३ जून

आज खरोखर चाललो. नदीकाठाने पुलापर्यंत. वाटेत खानावळ लागते, तिथे एक छोटी विश्रांती झाली. फिगील तिथेच होता. विचारलं, "बेस कॅम्प का?" मी दुर्लक्ष केलं. परत येताना त्याच्या गाडीतून आलो, कारण त्याला मला काहीतरी सांगायचं होतं. काय ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

माझ्या रुकसॅकला बटाट्यांचा वास येतो. नोटबुर्गाला विचारलं. म्हणाली, शेळ्यांना नेते. रोज दहा किलो नेते आणि दहा किलो परत आणते. शेळ्या कच्चे बटाटे खातात? विचारायला हवं.

११ जुलै

फ्योन सुटलाय. हा दक्षिणेचा गरम वारा सुटला की अर्ध्या गावाची डोकी दुखतात. माझं अर्ध्या गावाएवढं दुखतं. ट्रेनिंग स्थगित.

मोइदल भेटली. समारंभाच्या दिवशी तीच गाइड आहे. शाळेत माझ्या वर्गात होती, सतत जागेवरून उठायची. म्हणाली, "सर, तयारी कशी आहे?" मी म्हटलं, मानसिकदृष्ट्या पूर्ण. म्हणाली, "पायांना सांगितलंय ना?" आजकालच्या गाइड फार बोलतात. शिवाय म्हणाली की, यंदा उन्हाळा विचित्र आहे, खडकांना आतून धरून ठेवणारा बर्फ सुटत चाललाय, वर दगड पडतायत. मी तिला सांगितलं की डोंगर लक्षावधी वर्षं उभा आहे, आणखी महिनाभर उभा राहील.

३० जुलै

समितीने माथ्यावर जाणाऱ्यांची यादी वाचली. मेयरबाई, फिगील, ग्राटल घराण्यातला एक जण, मी, नोटबुर्गा. मी मोइदलला बाजूला घेऊन म्हटलं की नोटबुर्गाला घेण्याबाबत पुन्हा विचार कर, हळवी आहे, दमेल, मला तिच्यासाठी मध्येच थांबावं लागेल. मोइदल म्हणाली, "त्यांची मला काळजी नाही, सर."

याचा अर्थ मी बरोबर असताना तिला काळजी नाही. समजूतदार मुलगी आहे.

११ ऑगस्ट, हटवर, दुपार

पोचलो. हटची मालकीण एर्ना म्हणाली, "मास्तर, तुमची मंडळी केव्हाच आली, आम्हाला वाटलं तुम्ही परत फिरलात." मी वाटेत वनस्पतींचं निरीक्षण करत होतो. बऱ्याच वनस्पती होत्या, आणि प्रत्येकीपाशी बसायला दगड होता.

नोटबुर्गा बाहेर बाकावर बसून एर्नाला लोकरीचे गुंडे करून देत होती. दमलेली दिसत नव्हती. तिचा रंगच तसा आहे, कळत नाही.

बूट चावताहेत. नवे आहेत ना.

१२ ऑगस्ट, संध्याकाळी, हटवरच

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा, कारण इतिहास कसा वाकवला जातो हे मला ठाऊक आहे.

अंधारातच निघालो. सुरुवातीचा वेग माझ्या मते चुकीचा होता आणि मी तो दुरुस्त केला, म्हणजे मागे राहिलो. घसाऱ्यावर एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे येतं. हे भूगोलात शिकवतात, पण पायांना वेगळं वाटतं. नोटबुर्गा मोइदलच्या मागे दोन नंबरला होती. मध्ये एकदा थांबून मागे आली, माझी रुकसॅक घेतली आणि स्वतःच्या रुकसॅकवर टाकून पुन्हा पुढे गेली. मी अडवलं नाही. तिला मदत करायची हौस आहे.

खांद्यावर पोचलो तेव्हा सूर्य वर आला होता. माथा समोर, अगदी वर, त्याच्यावर क्रॉस काडीसारखा. तिथून पुढे धार अरुंद आहे, दोन्ही बाजूंना काही नाही. नकाशावर ती एक बारीक रेघ आहे, आणि प्रत्यक्षातही बारीक रेघच आहे. मी ती पाहिली. मग बसलो. माझे पाय स्वतःच्या मनाने थरथरत होते. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

मोइदलने माझी नाडी पाहिली, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "सर, तुम्ही इथेच बसायचं. जागेवरून उठायचं नाही." हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं.

मेयरबाई म्हणाल्या, सामान इथेच ठेवू, सर आहेतच. सगळ्यांनी रुकसॅक माझ्याभोवती रचल्या. फिगील काही बोलला नाही. फिगील काही बोलत नाही तेव्हा जास्त ऐकू येतं. ग्राटलने मात्र आपल्या पिशवीतली वाइनची बाटली काढली, माझ्याकडे बघितलं, आणि ती बरोबर घेऊन गेला.

नोटबुर्गा थांबली होती. म्हणाली, "मी राहते तुझ्याबरोबर." खरंच म्हणत होती. दोर सोडायलाही लागली. आणि मी म्हणायला हवं होतं, जा. मी म्हटलं, "तुला बरं वाटत नसेल तर राहा." तिने माझ्याकडे पाहिलं, मग दोराची गाठ पुन्हा बांधली आणि गेली.

धारेवरून ती पाच जणं जाताना दिसत होती. तिचा लाल रुमाल. एकदाही अडखळली नाही. शेळ्या बघायला जाण्याचा एवढा फायदा होतो हे मला माहीत नव्हतं.

भाषण माझ्या खिशात राहिलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मीच उभा राहून ते वाचलं. सात-आठ पिवळ्या चोचीचे कावळे होते. पणजोबांच्या मुद्द्यापर्यंत त्यांनी माझा पाव संपवला आणि उडून गेले.

खाली येताना फिगीलला विचारलं, वर भाषणाचं काय केलंत. म्हणाला, "बुर्गल बोलली दोन शब्द." नोटबुर्गाला माहेरी बुर्गल म्हणतात. कुठले, विचारलं. म्हणाला, "तिला विचार." तिला विचारलं. म्हणाली, "काही नाही रे. आले, बघितलं, बरं वाटलं, एवढंच म्हटलं." दोन शब्द नव्हेत, चार आहेत. आणि मेयरबाईंचे डोळे लाल का होते? वारा असणार.

१४ ऑगस्ट

गावात कुणी मला काही विचारत नाही. सगळे नोटबुर्गाला विचारतात. बेकरीत, चर्चच्या पायरीवर, पेट्रोल पंपावर. मी शेजारी उभा असतो आणि तांत्रिक माहिती पुरवतो.

निश्चय: सप्टेंबरात एकट्याने माथा. गर्दीत मला मोकळेपणाने चढता आलं नाही हेच कारण आहे. उद्यापासून सकाळी सहाला.

२० ऑगस्ट

शेजारची फिलोमेना जेवायला आली होती. नोटबुर्गा तिला माथ्यावरून काय काय दिसतं ते सांगत होती. म्हणाली, पलीकडच्या दरीतलं श्वार्झेचं तळं दिसतं. मी दुरुस्त केलं. माझ्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की मध्ये दुसरी डोंगररांग येते, माथ्यावरून तळं दिसत नाही. ती म्हणाली, "दिसतं." मी म्हटलं, दिसणं शक्य नाही, मी नकाशावर रेघ मारून पाहिलंय. ती म्हणाली, "मी डोळ्यांनी पाहिलंय." मी म्हटलं, उंचीवर डोळे फसवतात, विशेषतः सवय नसलेल्यांचे. आणि पुस्तक आणायला उठलो.

परत आलो तर फिलोमेना एकटीच बशीकडे बघत होती.

नोटबुर्गा शयनघरात बॅग भरत होती. आवाज चढवला नाही. म्हणाली, "चाळीस वर्षं त्या खिडकीतून तो डोंगर बघत भांडी घासली. तू म्हणालास थांब, थांबले. एकदा गेले. आता तिथे मी काय पाहिलं तेही तूच सांगणार?" मी म्हटलं, प्रश्न तथ्यांचा आहे. ती फिगीलकडे राहायला गेली.

दोन दिवसांत येईल. माहेरपण म्हणायचं.

२३ ऑगस्ट

अजून तिकडेच. आज स्वतः क्नोडल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे, केले. पाण्यात टाकल्यावर ते सुटले आणि त्यांचं सूप झालं. सूप म्हणून बरं होतं.

२९ ऑगस्ट

फिगीलच्या दारावरून सहज जात होतो. तीनदा सहज गेलो. चौथ्यांदा तो बाहेर आला आणि म्हणाला, "मास्तर, रस्ता झिजेल." मी विचारलं, तिची तब्येत कशी आहे. म्हणाला, "उत्तम. गाते." आमच्या घरी ती गात नाही. मी म्हटलं, मला एवढंच सिद्ध करायचं होतं की तळं… तो म्हणाला, "एक सांगू? तळं दिसत असेल किंवा नसेल. तू हो म्हण. सोपं आहे." हे बस ड्रायव्हरचं तत्त्वज्ञान. इतिहास असा लिहीत नाहीत.

५ सप्टेंबर

ठरलं. उद्या पहाटे चारला हटवरून निघून माथा गाठणार, स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार, फोटो काढणार. तळं नाही दिसलं तर फोटो तिच्यापुढे ठेवून मोठ्या मनाने विषय संपवणार. दिसलं तर… ते तेव्हा बघू. कुंपणावरून फिलोमेनाला मोठ्याने सांगून ठेवलं की उद्या सकाळी मी माथ्यावर असेन. बातमी योग्य ठिकाणी पोचेल. मोबाइल घरीच ठेवला. खऱ्या गिर्यारोहकाला त्याची गरज नसते, आणि चार्जरही सापडला नाही.

आत्ता हटवर. इथे चढून यायला मागच्या वेळेपेक्षा कमी वनस्पती लागल्या.

६ सप्टेंबर

चारचा गजर वाजला. बंद केला. अंधारात एकट्याने निघणं बेजबाबदारपणाचं वाटलं. उजाडल्यावर उठलो. एर्ना म्हणाली, "मास्तर, आज वर जाऊ नका. रात्रभर दगड पडतायत, मोइदलने परवापासून वाट बंद करायला सांगितलंय." मी तिला सांगितलं की मला या डोंगराचा दगडन् दगड माहीत आहे. म्हणाली, "तेच दगड पडतायत." तिच्याशी वाद घालण्याआधी पोटात काही असावं म्हणून कायझरश्मार्न मागवला. गोड ऑम्लेटचे तुकडे, वर साखर, बाजूला आलुबुखाराचा मुरंबा. ती चांगला करते. संपत आल्यावर तो आणखी थोडा मागवला, कारण चढताना साखर लागते.

दुसरी थाळी समोर आली तेव्हा टेबल हललं.

आधी आवाज नव्हता. आधी काचा थरथरल्या. मग आवाज आला, आणि तो थांबेचना. बाहेर गेलो. माथ्याचा पश्चिमेकडचा कडा सावकाश पुढे झुकला, म्हणजे मला सावकाश वाटलं, आणि त्याच्यासकट माथा, क्रॉस, धारेचा वरचा तुकडा, सगळं पलीकडच्या घळीत गेलं. मग राखाडी धूळ. एर्नाने मला कॉलर धरून आत ओढलं. आम्ही बराच वेळ टेबलाखाली होतो. तिने माझा हात धरला होता, की मी तिचा, माहीत नाही.

धूळ बसल्यावर पाहिलं. ग्रिमकोगेलला डोकं नव्हतं. जिथे क्रॉस होता तिथे आकाश होतं.

कुणी वर नव्हतं. एर्ना पुन्हा पुन्हा म्हणत होती, वर कुणी नव्हतं. हटचा फोन बंद पडला होता. मी टेबलाशी परत बसलो, दुसरं काय करायचं सुचेना. थाळीवर धूळ होती. चमचा हातात होता.

दुपारच्या आधीच दार उघडलं. नोटबुर्गा. डोक्यापासून पायापर्यंत राखाडी, फक्त डोळ्यांखाली दोन ओल्या रेषा. मागे, बऱ्याच मागे, फिगील धापा टाकत येत होता. ती पहाटेच निघालेली नव्हती, आवाज झाल्यावर निघाली होती. खालून. मोइदल नंतर म्हणाली, एवढ्या वेळात गावातून हटवर कुणी आलेलं तिने ऐकलेलं नाही.

ती दारात उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं, थाळीकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं. समोरच्या बाकावर बसली. म्हणाली, "सबंध वाटेत एकच मागत होते देवाकडे. म्हटलं, या माणसाला आयुष्यात कधी वेळेवर निघता आलेलं नाही. आजही निघता येऊ नये."

मी सांगणार होतो की निर्णय मी शास्त्रीय कारणांनी लांबवला होता. सांगितलं नाही. म्हटलं, "उशीर झाला मला."

म्हणाली, "हो. झाला." आणि माझ्या हातातून चमचा घेतला आणि वरची धूळ बाजूला करून उरलेलं खाऊ लागली. मी माझं जॅकेट तिच्या खांद्यावर घातलं. ते तिचंच निघालं, मी घाईत तिचं घालून आलो होतो. फिगील आत आला, मला पाहून भिंतीला टेकला आणि नाक शिंकरत बसला. धुळीमुळे असेल.

९ सप्टेंबर

नोटबुर्गा घरी आहे. बॅग अजून उघडलेली नाही, पण बॅग घरात आहे.

संध्याकाळी तिला विचारलं, वरून काय दिसायचं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी पुस्तक आणायला उठतोय का ते बघत असावी. नाही उठलो. मग सांगितलं. सगळ्या बाजूंनी नुसते डोंगर, एकामागे एक, शेवटचे आकाशाच्या रंगाचे. वारा असा की बोललेलं तोंडातच राहतं. आणि उजवीकडे, दोन डोंगरांच्या फटीत, तळं. नखाएवढं. हिरवं. म्हणाली, "मला वाटलं तुला दाखवावं. वळून पाहिलं तर तू खाली खांद्यावर, सामानात. हातवारे करत काहीतरी बोलत होतास. एकटाच."

मी म्हटलं, भाषण चालू होतं.

ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करायला हवी. "माथ्यावरून तळं दिसत नाही" याच्या जागी: "दिसत असे." पुरावा म्हणून तळटीप द्यावी लागेल. साक्षीदाराचं नाव घालेन. आता कुणाला तपासता येणार नाही, तेव्हा तिचाच शब्द शेवटचा. हे थोडं अन्यायाचं वाटतं, पण थोडंच.

१९ सप्टेंबर

इन्सब्रुकहून वर्तमानपत्राची बाई आली होती, कॅमेरावाल्यासकट. जुन्या माथ्यावर शेवटच्या समारंभाला उभ्या राहिलेल्या लोकांची मुलाखत. मेयरबाई परगावी, ग्राटल तोतरा होतो, फिगील नको ते बोलतो. त्यामुळे नोटबुर्गा. मी नवीन शर्ट घातला होता, कारण घराण्याची आणि डोंगराची दीडशे वर्षांची पार्श्वभूमी कुणीतरी द्यायला हवी. मी पणजोबांपासून सुरुवात केली. बाई फार छान ऐकत होती. मग तिने पेनचं टोपण लावलं आणि विचारलं, "आणि आपण कोण?"

नोटबुर्गा म्हणाली, "ते माझे यजमान. इतिहास लिहितात."

समितीने कळवलंय की मोजणीवाले येऊन गेले. उत्तरेचा सुळका आता सगळ्यात उंच. पुढच्या वर्षी त्याच्यावर नवा क्रॉस न्यायचा आहे आणि पुढे मोइदलबरोबर नोटबुर्गाने असावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. माझ्याकडे सूप दिलंय. हटवर, एर्नाच्या हाताखाली. जबाबदारीचं काम आहे, शंभर माणसांचं.

आज पेपर आला. पहिल्या पानावर फोटो. नोटबुर्गा आमच्या अंगणात, मागे बिनडोक्याचा ग्रिमकोगेल. छान आलाय. मी तिच्या शेजारीच उभा होतो, पण बहुतेक जागेअभावी त्यांना कडा कापावी लागली. डावीकडे एक कोपर दिसतं.

माझंच आहे. बाहीवरून ओळखू येतं.